कल्याणच्या पुढची बातमी

कल्याण सोडलं की मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी स्टेशनं लागतात आणि मुंबई-ठाण्यातल्या वर्तमानपत्रांच्या डेस्कवर वर्षानुवर्षं एक अलिखित हिशेब चालत आला आहे. कल्याणच्या पुढे दर स्टेशनाला बातमीचं वजन थोडं थोडं उतरतं. ठाण्यातला खड्डा तीन कॉलम, डोंबिवलीतला दोन, अंबरनाथचा सिंगल, बदलापूरचा ‘संक्षिप्त’मध्ये. वांगणीचा खड्डा तर खड्ड्यातच राहतो.

या पट्ट्याला पहिलं पान मिळायचं ते गाडी थांबली की. पाणी नाही, वीज नाही, लोकल रोज उशिरा येते, या तक्रारी अर्जांनी आणि निवेदनांनी कुठेच पोचत नसत. त्याच तक्रारींचे पाच-सहाशे लोक रुळांवर उतरले की संध्याकाळपर्यंत मंत्रालय ते दिल्ली सगळ्यांना बदलापूर कुठे आहे ते कळायचं. रेल रोको हे इथलं सर्वांत जुनं आणि सर्वांत भरवशाचं प्रसारमाध्यम. बाकी सगळी माध्यमं नंतर आली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खिशातल्या मोबाईलने या जुन्या माध्यमाला जोड दिली, आणि मग बातमी सांगणं हाच ज्यांचा धंदा होता त्यांचं काय झालं, हे पाहायला मुंबईतल्या स्टुडिओंपेक्षा हा फाटा जास्त सोयीचा आहे. इथे सगळं उघड्यावर घडतं.

दोन पुरांपासून सुरुवात करू. २६ जुलै २००५ला उल्हास नदी बदलापुरात घुसली तेव्हा वीज गेली, रेल्वे बंद पडली, मोबाईल होते पण नेटवर्क मुकं झालेलं. नातेवाइकांना निरोप पोचायला दिवस लागले. त्या काळोखात अफवा मात्र न भिजता फिरत होत्या. धरण फुटलं, समुद्र आत येतोय अशा हाकाटीने दोन दिवसांनी, २८ जुलैला, जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण अफवा ही व्हॉट्सॲपची देणगी आहे असं हल्ली फार सहज म्हटलं जातं. तेव्हा व्हॉट्सॲप जन्मालाही आलं नव्हतं.

मग २०१९. २६ जुलैच्याच रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पाण्यात अडकली. उजाडलं तेव्हा डब्यांच्या दोन्ही बाजूंना नदी होती. आत हजारावर प्रवासी, त्यात गरोदर बायका. पण या वेळी डब्याच्या दारातून माणसं व्हिडिओ काढत होती, ते घरी पाठवत होती, वृत्तवाहिन्यांना थेट फोन लावत होती. आम्ही अमुक डब्यात आहोत, पाणी पायऱ्यांपर्यंत आलंय, प्यायला काही नाही. त्या चित्रांमुळे गाडीतल्या लोकांची अवस्था सगळ्या राज्याला गाडीतल्या लोकांच्याच तोंडून कळली. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, चामटोलीच्या आजूबाजूचे गावकरी असे सगळे लागले आणि दुपारपर्यंत एक हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्यांना पुढे नेण्यासाठी कल्याणहून विशेष गाडी सोडण्यात आली. २००५ आणि २०१९च्या मधल्या चौदा वर्षांत नदी तीच राहिली, तिच्या पात्रातली बांधकामं वाढली. निरोप पोचायचा वेळ तेवढा दिवसांवरून मिनिटांवर आला.

ही जमेची बाजू मी आधी मांडतो आहे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तक्रारीपासूनच सुरुवात करतात आणि ते करणारे बहुधा अशा ठिकाणी राहतात जिथे पत्रकार आपणहून येतो.

रोजच्या आयुष्यात मोबाईलने इथे पहिलं काम केलं ते गाडीची बातमी देण्याचं. सचिन टेके या तरुणाने केलेलं ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप २०१०च्या सुमारास आलं. आधी ते निव्वळ वेळापत्रक होतं. पुढे त्यात प्रवाशांच्या गप्पांचा कप्पा आला आणि फलाटावरचा प्रत्येक माणूस बातमीदार झाला. ‘बीएल फास्ट ठाण्याला उभी.’ ‘अंबरनाथ स्लो, दादरला आत्ता सुटली, पूर्ण पॅक.’ ‘एस कुठे आहे?’ ज्याला एस म्हणजे कर्जत आणि बीएल म्हणजे बदलापूर हे ठाऊक नाही त्याला यातलं काही कळणार नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला रेल्वेच्या उद्घोषणेपेक्षा यावर जास्त विश्वास. उद्घोषणेत गाडी नेहमी ‘थोड्याच वेळात’ येत असते. इथे कोणीतरी ती डोळ्यांनी पाहून सांगतो. खोटं सांगून त्याला मिळायचं काय? वर्तमानपत्राने ज्या गुणावर शंभर वर्षं धंदा केला तो विश्वासार्हतेचा गुण बिनपगारी, बिननावाच्या माणसांनी आपसांत असा उभा केला. अर्थात खोडसाळही भेटतात. पण खोटी गाडी दहा मिनिटांत उघडी पडते.

या ओळखीतून ग्रुप झाले. डब्याचे ग्रुप, गाडीचे ग्रुप, महिलांच्या डब्याचे वेगळे. २०२२च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्या वातानुकूलित केल्या. पासधारकाच्या दृष्टीने रोजची गाडी एका सकाळी त्याच्या खिशाबाहेर गेली. कळव्यात लोक उतरले, पाठोपाठ २२ ऑगस्टला बदलापुरात स्टेशन मास्तरांच्या कार्यालयासमोर गर्दी जमली, आणि २५ तारखेपासून रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. आठवडाभरात! प्रवासी संघटनांची निवेदनं वर्षानुवर्षं फायलीत पडलेली ज्याने पाहिली आहेत त्याला हा वेग पाहून भोवळ यावी. पुढारी नंतर आले आणि श्रेयाचे फलक लागले ते त्याहून नंतर.

आता ज्याच्या हातातून हे सगळं निसटलं त्याच्याकडे जाऊ. हा म्हणजे स्थानिक बातमीदार, धंद्याच्या भाषेत स्ट्रिंजर. याला पूर्ण पगार क्वचितच असतो. मानधन असतं, ते प्रवासखर्चालाही पुरत नाही, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. आमदाराचा वाढदिवस, नगरसेवकाची दहीहंडी, बिल्डरचा नवा प्रकल्प, शहराच्या वर्धापनाची पुरवणी. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची त्याच्याचकडे पुरवणीसाठी अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचं, ही कसरत त्याने इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून केलेली आहे. जुन्या पत्रकारितेचं सोनेरी चित्र रंगवताना हे सोयीस्कर विसरलं जातं.

पूर्वी हा माणूस दुपारी दोन-तीन बातम्या हाताने लिहून पाकीट करायचा. पाकीट लोकलने ठाण्याला किंवा दादरला जायचं, ओळखीच्या प्रवाशाच्या हाती. घाईचं असेल तर एसटीडी बूथवरून फॅक्स. पान लागेपर्यंत हातात चार-पाच तास असायचे आणि त्या तासांत डेस्कवरचा उपसंपादक फोन करून पिडायचा: मयताचं वय किती? आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ? गुन्हा नक्की दाखल झालाय का? या पिडण्याचं मोल तेव्हा कोणाला वाटलं नाही.

आज त्याच्या फोनमध्ये डोकावलं तर डझनावारी ग्रुप दिसतात. पोलिसांचा माध्यम ग्रुप, पालिकेचा, प्रत्येक पक्षाचा, पत्रकार संघाचा आणि त्या संघातून फुटलेल्यांचा. पुढाऱ्याचा माणूस कार्यक्रम संपायच्या आत बातमी लिहूनच पाठवतो, मथळ्यासकट, सोबत पाच फोटो आणि बाईट. बातमी शिजवून, वाढून, ताट समोर. तेवढ्यात एक क्लिप येते: भररस्त्यात मारामारी. खाली लिहिलंय ‘उल्हासनगर’. आता खरं काम सुरू होतं. दुकानाच्या पाट्या बघायच्या, रिक्षांचे नंबर बघायचे, मागे दिसणारी टेकडी कुठली ते ओळखायचं. मग हद्द. ठाणे पोलिसांच्या परिमंडळ चारमध्ये मध्यवर्ती, विठ्ठलवाडी, हिललाईन, उल्हासनगर, अंबरनाथ, शिवाजीनगर, बदलापूर पूर्व आणि पश्चिम अशी ठाणी. कुळगावचं ठाणं मात्र ग्रामीण पोलिसांकडे. रुळांवर घडलं तर लोहमार्ग पोलीस. चार ठिकाणी फोन लावून कळतं की मारामारी खरी आहे, पण दोन वर्षांपूर्वीची आहे आणि इथली नाहीच. या तासाभराच्या मेहनतीची बातमी काय? काही नाही. जी बातमी छापली गेली नाही तिचं मानधन कोणी देत नाही. आणि तोवर तीच क्लिप ‘उल्हासनगरात गुंडाराज’ म्हणून हजारोंनी पाहिलेली असते.

या बातमीदाराच्या शेजारी आता बूम घेतलेला दुसरा उभा असतो. बूमवर स्वतःच्या चॅनेलचं नाव, चॅनेल यूट्यूबवर, कार्यालय दुचाकीवर. प्रस्थापित पत्रकार याला नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणं अर्धवट पटतं. यातले काही जण निव्वळ वसुलीसाठी फिरतात हे खरं, पण ती कला त्यांनी शोधलेली नाही. चार पानी साप्ताहिकं काढून तीच करणारे प्रत्येक शहरात होते. आणि यांच्यातलेच काही असे आहेत की ज्या वस्तीत नळाला पाणी आठवड्यात दोनदा येतं तिथे हंड्यांच्या रांगेत ते उभे राहतात. मोठं दैनिक तिथे शेवटचं कधी गेलं होतं?

फरक एका ओळीचा आहे. जुन्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेलं असायचं: हे पत्र मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून या पत्त्यावर प्रसिद्ध केले. १८६७च्या कायद्याने ती ओळ सक्तीची केली होती. इंग्रजांनी ती केली पाळत ठेवायला. पण तिचा फायदा वाचकालाही झाला, कारण भांडायला कोणाच्या दारात जायचं ते कळायचं. अंबरनाथचं ‘आहुति’ घ्या, त्रिवेदी कुटुंबाने पिढ्यांमागून चालवलेलं साप्ताहिक. बातमी चुकली तर संपादक बाजारात भाजी घेताना भेटणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. उल्हासनगरातल्या ‘उल्हास विकास’, ‘धनुषधारी’ या हिंदी पत्रांचंही तेच. तो १८६७चा कायदा आता गेला. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला, त्यात नोंदणी ऑनलाइन आणि सोपी झाली. पण तोही नियतकालिकांपुरता. फेसबुकवरचं ‘आपलं शहर’ छाप पान कोण चालवतं, याचं उत्तर त्या पानावर बहुधा नसतं.

आणि तरी या पानांनी पाच वर्षं एक काम केलं ज्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपालिकांची मुदत २०२०मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट २०२५च्या डिसेंबरात. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ला संपली, मतदान जानेवारी २०२६मध्ये. मधल्या काळात प्रशासक. नगरसेवकच नाही म्हटल्यावर गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला? लोकांनी फोटो काढून टाकायला सुरुवात केली. ती सगळी वर्षं या तीन शहरांचं सभागृह फेसबुकवर भरलं, प्रश्नोत्तराचा तास व्हॉट्सॲपवर. ठराव मात्र कुठेच होत नव्हते. एका सोसायटीसमोरचा ढीग उचलला गेला कारण तिथल्या पोस्टला प्रतिसाद भरपूर. पलीकडच्या चाळीसमोरचा तसाच, कारण त्या चाळीत पोस्ट लिहिणारं कोणी नाही. नगरसेवक कसाही असला तरी त्याला चाळीची मतं लागतात.

एक वेगळंच उदाहरण बदलापूरचं. उन्हाळ्यात एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा ४० अंशांच्या वर गेला अशा बातम्या येतात तेव्हा त्या आकड्यांशेजारी बहुधा अभिजित मोडक यांचं नाव असतं. हे खासगी हवामान अभ्यासक. कुलाबा-सांताक्रूझच्या आकड्यांवर मुंबईचा अंदाज चालतो, पण समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत वसलेल्या या गावाचं हवामान वेगळं. पाऊस इथे जास्त, ऊनही जास्त. मोडक समाजमाध्यमांवर नोंदी देत राहिले आणि वर्तमानपत्रं त्यांना विचारून बातम्या करू लागली. समाजमाध्यमातून एक नवा संवादक असाही तयार होतो: एका विषयाचा, एका गावाचा, स्वतःच्या नावानिशी. अंदाज चुकला तर लोक त्यांना नावानेच विचारणार. वरच्या त्या बारीक टाइपातल्या ओळीची जागा अशा माणसाने भरून काढली आहे, कायद्याने सांगितलं नसताना.

उल्हासनगरात शिरलं की चित्र पालटतं. हे शहरच निरोपांवर उभं राहिलेलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि पत्ते अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच असेच लिहिले जातात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इतका जुना की आता इथले व्यापारीच तो आधी सांगून टाकतात. पण दुसऱ्याचं लेबल लावून माल खपवायची गरज हळूहळू कमी होतेय. गजानन मार्केटमधला कापडाचा व्यापारी किंवा कॅम्प पाचचा जीन्सवाला आता स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा असतो. एक हात पँटच्या कमरेत घालून ताणून दाखवतो, शिवण उलटी करून दाखवतो, ‘सिंगल पीस नहीं मिलेगा’ असं तीनदा बजावतो, नंबर पडद्यावर असतोच. बघणारा असतो लातूर, अकोला, बिदरचा दुकानदार. पूर्वी तो वर्षातून दोनदा रात्रीच्या गाडीने यायचा, दलाल त्याला गल्ल्या फिरवायचा. दलालाचं काम गेलं आणि ते व्हिडिओ काढणाऱ्या पोराकडे आलं. हा पोरगा काल-परवापर्यंत लग्नांचं शूटिंग करायचा. आता तो दुकानामागे पैसे घेतो आणि प्रत्येक दुकान ‘सबसे सस्ता’ असतं. जाहिरात आणि बातमी यांच्यामधली भिंत वर्तमानपत्रांनी पुरवण्यांतून पोखरली होती. इथे भिंत घालायचीच राहून गेली.

याच शहरात दुसरं एक घडलं ते मला जास्त हृद्य वाटतं. आजी-आजोबांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. नातवंडं मराठी-इंग्रजी शाळांत गेलेली, त्यांना ती लिपी येत नाही. १९६७ साली भाषेला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण घरातल्या चिठ्ठीत ती उरली नव्हती. व्हॉइस नोटने लिपीचा प्रश्नच बाजूला सारला. कॅम्प चारमधून दुबईला, दुबईहून पुण्याला तीन-तीन मिनिटांचे आवाज जातात, खोकल्यासकट. ही भाषा या निरोपांत जगेल की फक्त म्हातारपणात सोबत करेल, ते पुढच्या पिढीवर.

उल्हासनगरच्याच हिललाईन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४च्या रात्री कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेना शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. जागा होती वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. कारण द्वारली गावातल्या जमिनीचा वाद. पूर्वी अशा घटनेची बातमी ‘सूत्रांच्या’ आधाराने तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली असती आणि दोन्ही गटांनी आपापली कथा शपथेवर सांगितली असती. या वेळी आमदाराने एका वृत्तवाहिनीला फोनवरून आपणच गोळीबार केल्याचं सांगितलं, आणि केबिनमधल्या सीसीटीव्हीचं चित्रण लगोलग सगळ्यांच्या फोनवर. बातमीदाराला शोधायला काही उरलंच नाही असं वाटावं. पण चित्रणात गोळ्या दिसतात, जमीन दिसत नाही. द्वारलीचा सातबारा, त्यावरचे व्यवहार, दोन सत्ताधारी पक्षांमधली तेढ, हे बघायला कॅमेरा लावलेला नसतो.

सीसीटीव्हीची दुसरी आठवण प्रसन्न आहे. १७ एप्रिल २०२१, वांगणी स्टेशन. दृष्टिहीन आईचा हात सुटून मूल रुळांवर पडलं, समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर फेकलं आणि स्वतः निसटले. काही सेकंदांचं ते चित्रण देशभर गेलं. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातला निम्मा वाटा त्यांनी त्या मुलाला द्यायचं ठरवलं. आणि मग, चित्रणामागून, वांगणीला कधी न मिळालेली जागा मिळाली: लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून गुजराण करणाऱ्या दृष्टिहीनांची इतकी कुटुंबं याच गावात का राहतात, टाळेबंदीत लोकल बंद झाल्यावर त्यांच्या चुली कशा थंडावल्या. ते काम बातमीदारांनी पायी फिरून केलं. व्हिडिओने फक्त दार उघडून दिलं होतं.

आता २० ऑगस्ट २०२४. हे टाळून या विषयावर काही लिहिता येणार नाही.

बदलापुरातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचं त्या महिन्याच्या मध्यात उघडकीला आलं. तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात पालकांचे तासन् तास गेले. गुन्हा दाखल झाला, १७ तारखेला आरोपीला अटक झाली, पण शाळेकडून धड उत्तर नाही, पोलिसांवरचा विश्वास उडालेला. पालकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप फिरू लागले: मंगळवारी शाळेसमोर जमायचं. कोणत्याही पक्षाचं नाव त्यात नव्हतं, हीच त्या निरोपाची ताकद होती. सकाळी शाळेसमोर जमलेली गर्दी स्टेशनात शिरली आणि रुळांवर बसली. नवं माध्यम जुन्या माध्यमाला येऊन मिळालं. दहा तासांच्या आसपास कर्जत-कल्याण मार्ग बंद होता. मंत्री गिरीश महाजन समजावायला आले, त्यांचं कोणी ऐकेना, आणि ऐकवायचं कोणाला हेही कळेना. निरोपाला नेता नसला की तो लवकर पसरतो, आणि वाटाघाटीची वेळ आली की समोर खुर्चीत बसायला माणूस नसतो. संध्याकाळी लाठीमार, दगडफेक, रूळ मोकळे. मग शहराचं इंटरनेट बंद करण्यात आलं.

दोन दिवसांनी, २२ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लोक रस्त्यावर येईपर्यंत यंत्रणा हलणारच नाही का, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर या फाट्यावरच्या प्रत्येक पासधारकाला ठाऊक आहे.

पण त्याच आठवड्याचं दुसरं अंगही आहे. ‘पॉक्सो’ कायद्याच्या २३व्या कलमानुसार माध्यमांना पीडित बालकाची ओळख पटेल असं काही देता येत नाही. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब यांच्या बरोबरीने शाळा आणि राहण्याचा परिसर यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून या लेखात शाळेचं नाव नाही. त्या आठवड्यात मात्र ते कोणी पाळलं? नाव प्रत्येक ग्रुपवर होतं, फलकांवर होतं, वाहिन्यांच्या पट्टीवर होतं. ज्यांनी सुरुवातीला ते टाळलं त्यांचं टाळणं दुपारपर्यंत हास्यास्पद दिसू लागलं. मुलींच्या प्रकृतीविषयी भयंकर अफवा फिरल्या. त्या पसरवल्याच्या आरोपावरून एका तरुणीला अटक झाली. त्या अफवा वाचून ज्यांनी रागाने पुढे ढकलल्या त्यांचा हेतू वाईट नव्हता. २०१८च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, तिथेही निरोप पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण आयाबापांना सावध करतो आहोत असंच वाटत होतं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पाच आयांनी प्रत्येकी पाच ग्रुपवर पाठवला की शहर भरतं. ग्रुप चालवणाऱ्याला धरावं म्हटलं तर तेही नाही: गोंदियातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही. निकाल योग्यच आहे. नाहीतर सोसायटीच्या पाण्याच्या वेळा कळवणारे काका तुरुंगात जायचे.

आणि त्या गर्दीत बातमीदार होते. एका मराठी दैनिकाची स्थानिक महिला बातमीदार हे प्रकरण सुरुवातीपासून लावून धरत होती. २० तारखेला माजी नगराध्यक्ष वामन म्हात्रे यांनी आपल्याला उद्देशून अत्यंत अश्लाघ्य वक्तव्य केल्याची तिची तक्रार. म्हात्रे यांनी आरोप नाकारला, गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी स्टेशनावर हजारो मोबाईल सुरू होते आणि ते धरणाऱ्यांतल्या कोणालाच उद्या त्याच पुढाऱ्याच्या दारात प्रतिक्रिया मागायला जायचं नव्हतं. तिला जायचं होतं. याच गावात राहायचं, याच रस्त्याने घरी जायचं, याच माणसांकडून माहिती काढायची, हे स्थानिक बातमीदाराचं बळ आणि हीच त्याची मानगूट. गर्दी संध्याकाळी घरी जाते.

पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना मुंब्रा बायपासजवळ गोळीबारात मारला गेला. त्या रात्री याच ग्रुपवर फटाके फुटले, पेढ्यांचे फोटो आले. ऑगस्टमध्ये ज्यांचा पोलिसांवर तसूभर विश्वास नव्हता त्यांनी सप्टेंबरमध्ये पोलिसांचं म्हणणं अक्षरशः पुढे पाठवलं. ताब्यातल्या माणसाला बंदूक कशी मिळाली, मग शाळेच्या आणि पोलिसांच्या दिरंगाईचं काय, हे प्रश्न न्यायालयाने विचारले, काही बातमीदारांनी विचारले. ग्रुपवर ते विचारणाऱ्याला काय ऐकावं लागलं असेल त्याची कल्पना करता येते.

या दोन घटनांच्या मधे, १२ सप्टेंबरच्या रात्री, अंबरनाथ शहरावर पांढरट धूर उतरला. डोळे चुरचुरणं, घसा धरणं, रुळांवर समोरचं दिसेना. औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कंपनीतून तो आला होता. मिनिटाभरात व्हिडिओ, अर्ध्या तासात वाहिन्यांवर. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना वासाचं नवल नाही. २०१४ साली याच नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोक रुग्णालयात गेले होते. त्या रात्रीचे व्हिडिओ दोन दिवस फिरले, मग गणपतींच्या व्हिडिओंखाली गाडले गेले. नंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने काय केलं, कंपनीला नोटीस गेली का, तिथे सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली होती, हे विचारायला एखादा स्ट्रिंजर वसाहतीच्या कार्यालयात जातो. साहेब बाहेर गेलेत, उद्या या, असं उत्तर मिळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं तर पेट्रोल त्याच्या खिशातलं, आणि त्या आठवड्यात गणेशोत्सवाची पुरवणी असल्याने जाहिराती गोळा करायच्या आहेत.